क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट ओळ ओळ वाचताना: कुठला चार्ज कशाचा आणि तो टाळायचा कसा

"भाऊजी, आठ महिने न चुकता हप्ता भरतेय. तरी कर्ज जिथल्या तिथंच कसं?"

कराडच्या माझ्या चुलत वहिनींचा हा प्रश्न. त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. ओव्हरलॉक मशीन घ्यायचं होतं, कार्ड हातात होतं, ३०,००० रुपयांना मशीन घेतलं. महिन्याच्या महिन्याला मोबाइलवर मेसेज यायचा, त्यात दोन आकडे असायचे. मोठा आकडा एकूण कर्जाचा आणि लहान आकडा या महिन्याच्या हप्त्याचा, अशी त्यांची समजूत झाली. लहान आकडा त्या मुदतीच्या आधी भरत राहिल्या. एकदाही चुकल्या नाहीत, एकदाही लेट फी लागली नाही. आणि तरीही आठ महिन्यांनी मूळ रक्कम जवळपास तशीच उभी होती.

सोसायटीचं कर्ज, पतसंस्थेचं कर्ज, भिशी या सगळ्यांत ठरलेला हप्ता भरला की मुद्दल खाली येतं. आयुष्यभर तेच पाहिलेल्या माणसाला मेसेजमधला तो लहान आकडा, "मिनिमम ड्यू", म्हणजे हप्ताच वाटणार. कार्डाचा हिशोब मात्र वेगळ्या रीतीने चालतो, आणि ती रीत कुणी समोर बसवून सांगत नाही. म्हणून हा लेख. तुमचं शेवटचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये उघडा, शक्य असेल तर छापून घ्या, हातात पेन घ्या आणि सोबत वाचत चला.

पायरी १: चार जागांवर खूण करा

स्टेटमेंटच्या पहिल्या पानावर चार गोष्टी शोधा: स्टेटमेंट डेट, पेमेंट ड्यू डेट (पैसे भरायची शेवटची तारीख), टोटल अमाउंट ड्यू (पूर्ण बिल) आणि मिनिमम अमाउंट ड्यू (निदान एवढी तरी भरायची रक्कम).

स्टेटमेंट डेट म्हणजे महिन्याचा हिशोब जिथं बंद होतो ती तारीख. त्यानंतर साधारण पंधरा ते वीस दिवसांनी ड्यू डेट येते. "४५ दिवस बिनव्याजी", "५० दिवस बिनव्याजी" असं जाहिरातीत लिहितात, ते या दोन तारखांवर अवलंबून असतं. स्टेटमेंटच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या खरेदीला पूर्ण ५० दिवस मिळतात, आदल्या दिवशी केलेल्या खरेदीला जेमतेम वीस. मोठी खरेदी पुढं ढकलण्यासारखी असेल तर स्टेटमेंट डेट उलटून जाऊ द्या.

आता टोटल अमाउंट ड्यूच्या आकड्याभोवती गोल करा. भरायचा तो हाच. मिनिममचा आकडा वहिनींच्या स्टेटमेंटवर मी पेनने खोडून टाकला होता. तुम्हीही खोडा.

पायरी २: मिनिमम भरलं तर काय होतं, ते आकड्यांत बघा

वहिनींचाच हिशोब घेऊ. स्टेटमेंट डेट दर महिन्याची ४ तारीख. १० एप्रिलला ३०,००० रुपयांचं मशीन. ४ मेला स्टेटमेंट आलं, ड्यू डेट २४ मे, मिनिमम ५ टक्के म्हणजे १,५०० रुपये. ते २४ मेला भरले. उरले २८,५००.

सर्वसाधारण कार्डावर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, वर्षाला ४२ टक्के. काही कार्डांवर पावणेचार, म्हणजे वर्षाला ४५. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे व्याज लागतं ते भरलेली रक्कम वजा करून उरलेल्या रकमेवर. पण लागतं कधीपासून? बहुतेकांना वाटतं ड्यू डेटपासून. तसं नाही. खरेदीच्या दिवसापासून.

म्हणजे ४ जूनच्या स्टेटमेंटमध्ये २८,५०० रुपयांवर १० एप्रिल ते ४ जून अशा ५५ दिवसांचं व्याज आलं: सुमारे १,८०४ रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३२५. एकूण २,१२९. भरले होते १,५००. चार जूनला देणं झालं ३०,६२९. दीड हजार भरल्यावरही देणं मशीनच्या किमतीपेक्षा वर गेलं.

पुढच्या महिन्यापासून हे असं सतत वाढत जात नाही. मिनिमम रक्कम अशी ठरवावी की निदान व्याज तरी भागेल आणि मुद्दल फुगत जाणार नाही, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. पण "फुगत नाही" आणि "फिटतं" यांत फार अंतर आहे. मिनिमममधला मोठा वाटा व्याज आणि जीएसटीतच जातो.

दुसरा फटका लक्षात यायला मला स्वतःलाही वेळ लागला. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतच रद्द होते. वहिनी त्याच कार्डावर दोरे, अस्तर, चेन, बटणं आणत होत्या. दोनशे रुपयांचे दोरे घेतले त्या दिवसापासून त्या दोनशेवरही व्याज सुरू.

स्टेटमेंटमध्ये हे व्याज "फायनान्स चार्जेस" किंवा "इंटरेस्ट चार्जेस" या नावाने दिसतं. ती ओळ शोधा. तिथं शून्य असेल तर तुमचं कार्ड ठीक चाललंय. शून्य नसेल तर पुढची पायरी आजच करायची आहे.

व्याजाला वरची मर्यादा नाही का, असं पुष्कळ जण विचारतात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा, असा निकाल दिला होता. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यामुळं ती ढाल आता नाही. आपली काळजी आपणच घ्यायची.

पायरी ३: अडकला असाल तर बाहेर कसं पडायचं

पहिलं काम, त्या कार्डावरची खरेदी थांबवा. किराणा, पेट्रोल, मोबाइल रिचार्ज, सगळं काही महिने यूपीआयने बँक खात्यातून किंवा रोखीने. ऑनलाइन दुकानांत सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका.

मग थकलेल्या रकमेसाठी स्वस्त कर्ज शोधा. ४२ टक्क्यांचं कर्ज फेडायला कमी दराचं कर्ज घेणं हा शहाणपणाचा व्यवहार आहे, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वहिनींनी दोन बांगड्या सोनेतारण ठेवून कार्डाचं देणं एका दिवसात संपवलं आणि सोनेतारणाचं कर्ज दिवाळीच्या सीझनमध्ये फेडलं. कुणाकडे मुदत ठेव असेल तर तिच्यावर उचल मिळते. पतसंस्थेत किंवा बँकेत वैयक्तिक कर्जाचा दर विचारा. यातलं काहीच जमत नसेल तर कार्ड कंपनीला फोन करून थकबाकी ईएमआयमध्ये बदलून मागा. त्याचा दर चालू व्याजाच्या निम्म्याहूनही कमी असू शकतो. फोनवर तीन आकडे विचारून वहीत लिहा: वार्षिक दर, प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारी रक्कम.

सगळं फेडल्यावर पुढच्या स्टेटमेंटमध्ये पुन्हा थोडं व्याज दिसेल. घाबरू नका, कुणी फसवलेलं नाही. मागची स्टेटमेंट डेट ते तुम्ही पैसे भरलेला दिवस, एवढ्या काळाचं ते व्याज असतं. तेही पूर्ण भरा. पुष्कळ जण "मी तर सगळं भरलं" म्हणून ही शेवटची शे-दोनशेची रक्कम सोडून देतात आणि तिच्यावर लेट फी लागून गुंता पुन्हा सुरू होतो.

पायरी ४: ड्यू डेट चुकणार नाही अशी सोय

नेटबँकिंगमध्ये ऑटोपे, म्हणजे बिल खात्यातून आपोआप भरलं जाण्याची सोय, लावा. तिथं दोन पर्याय येतात, टोटल आणि मिनिमम. आधीच निवडलेला पर्याय मिनिमम असू शकतो, तो बदला. खात्यात पुरेसे पैसे नसतील तर ऑटोपे परत जातं आणि त्याचा वेगळा दंड लागतो, साधारण पाचशेच्या घरात, शिवाय लेट फी. म्हणून ड्यू डेटच्या चार दिवस आधीचं रिमाइंडर मोबाइलवर ठेवा आणि शिल्लक तपासा.

पगार १ तारखेला आणि ड्यू डेट २६ला, अशी ओढाताण असेल तर बिलिंग सायकल, म्हणजे महिन्याचा हिशोब बंद होण्याची तारीख, बदलून मागा. निदान एकदा तरी ती बदलण्याची मुभा देणं रिझर्व्ह बँकेने कार्ड कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. अर्ज दिला की पगारानंतर चार-पाच दिवसांनी ड्यू डेट येईल अशी तारीख मिळते. घरखर्च आखणाऱ्याला याचा किती आधार वाटतो, ते एकदा करून बघितल्यावरच कळतं.

तरीही तारीख हुकली तर? तीन दिवसांच्या आत भरा. ड्यू डेटनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाल्यावरच लेट फी लावता येते आणि थकबाकी म्हणून क्रेडिट ब्युरोला (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला) कळवता येतं. आणि लेट फी ड्यू डेटनंतर शिल्लक राहिलेल्या रकमेच्या हिशोबाने लागते, पूर्ण बिलाच्या नाही. ही सवलत दंडापुरती आहे, व्याजापुरती नाही, म्हणून तिची सवय लावून घेऊ नका. पण लेट फी दुसऱ्याच दिवशी लागलेली दिसली तर ती परत मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पायरी ५: एटीएममध्ये क्रेडिट कार्ड घालू नका

दवाखान्यात डिपॉझिट भरायचंय, रात्रीची वेळ आहे आणि एटीएम समोर आहे, अशा घाईत हे घडतं. १०,००० रुपये काढले तर फी अडीच टक्के, पण किमान ५०० हा सर्वसाधारण नियम, म्हणून ५०० अधिक ९० रुपये जीएसटी. रोख रकमेला बिनव्याजी मुदत नसते, व्याज त्याच दिवसापासून. वीस दिवसांनी फेडले तरी व्याज २३० आणि त्यावरचा जीएसटी ४१. एकूण ८६१ रुपये, तेही वीस दिवसांसाठी. बहुतेक दवाखान्यांत कार्ड मशीन असतं, तिथं थेट स्वाइप करा. व्यवहार साध्या खरेदीसारखा धरला जातो.

वॉलेटमध्ये कार्डाने पैसे भरणं, कार्डाने घरभाडं देणं यांवरही बऱ्याच बँका १ टक्का किंवा जास्त लावतात. भाड्याच्या ॲपची फी वेगळी असायची; २०२५ मध्ये बऱ्याच ॲपनी कार्डाने भाडं भरायची सोयच बंद केली. मालकाला यूपीआयने द्या.

पायरी ६: "नो कॉस्ट" ईएमआयची किंमत

यात फसवणूक नाही, पण नाव पूर्ण खरं सांगत नाही. समजा फोन २४,००० चा, सहा महिने, महिना ४,०००. बँक वर्षाला १६ टक्के धरत असेल तर फोनवर सुमारे १,०८० रुपयांची सूट दाखवली जाते आणि बँक तेवढंच व्याज लावते. दोन्ही एकमेकांत जिरतात. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १९५ रुपये, तुमच्या खिशातून. शिवाय प्रोसेसिंग फी, बहुधा १९९ अधिक ३६ जीएसटी. झाले ४३० रुपये. चारशे रुपयांसाठी सहा महिन्यांची सवड मिळत असेल तर कधीकधी ते परवडतं. रोख घेतल्यास तीच सूट मिळते का, हे मात्र दुकानदाराला आधी विचारा. मिळत असेल तर खरी किंमत पंधराशे आहे, चारशे नाही.

ईएमआय चालू असताना दर महिन्याचा हप्ता टोटल अमाउंट ड्यूमध्ये येतो. टोटल भरलं की तो भरला.

पायरी ७: वार्षिक फी

कार्ड घेताना फोनवरचा माणूस "फ्री आहे सर" म्हणतो. पहिल्या वर्षापुरतं की कायमचं, हा प्रश्न त्याच क्षणी विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. "लाइफटाइम फ्री" हे शब्द लेखी हवेत. बऱ्याच कार्डांवर वर्षाला ठरावीक खर्च केला की फी माफ होते, पण त्या खर्चात पेट्रोल, भाडं, वॉलेट, ईएमआय धरतातच असं नाही. नियम वाचा, आणि नुसत्या फीमाफीसाठी खर्च वाढवू नका. ५०० रुपयांची फी आणि वर ९० रुपये जीएसटी वाचवायला कुणी दहा हजारांची नको असलेली खरेदी करत असेल तर मला खरोखर वाईट वाटतं.

फी लागलीच तर कस्टमर केअरला फोन करून स्पष्ट सांगा: "फी परत करा, नाहीतर कार्ड बंद करायचंय." नियमित बिल भरणाऱ्याची फी पुष्कळदा पूर्ण किंवा अर्धी माफ होते. म्हणताना मनाची तयारी ठेवा, कारण ते कार्ड खरंच बंद करायला निघतील.

न मागता कार्ड आलं असेल तर ते सुरू करू नका. कार्ड दिल्यापासून ३० दिवसांत सुरू केलं नाही तर बँकेला तुमच्याकडून ओटीपीने संमती घ्यावी लागते. संमती दिली नाही तर सात कामकाजी दिवसांत ते खातं फुकट बंद करावं लागतं. म्हणून तसा ओटीपी कुणालाही सांगू नका, "फक्त व्हेरिफिकेशन आहे" म्हटलं तरी नाही.

पायरी ८: परदेशात आणि परदेशी वेबसाइटवर

पुण्यातून मुलीला भेटायला जर्मनीला गेलेले आईबाबा असोत किंवा परदेशी विद्यापीठाची अर्ज फी भरणारा विद्यार्थी, परकीय चलनातल्या खर्चावर बहुतेक कार्डं साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे वरचं शुल्क, लावतात. वर जीएसटी. ५०,००० रुपयांच्या हॉटेल बिलावर १,७५० अधिक ३१५, म्हणजे २,०६५. काही कार्डांवर हा दर २ टक्के असतो, काहींवर शून्य. निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांच्या कार्डांचा दर बघा आणि कमीत कमी असलेलं सोबत न्या.

तिथल्या दुकानात मशीनवर प्रश्न येतो: रुपयांत भरणार की युरोत? रुपये ओळखीचे वाटतात, म्हणून आपलं बोट तिकडं जातं. युरो निवडा. रुपये निवडले की दुकानदाराच्या बाजूची कंपनी आपला चढा दर लावते. रुपयांत दिसणाऱ्या पण परदेशात नोंदणी असलेल्या वेबसाइटच्या व्यवहारावरही काही बँका १ टक्का घेतात. स्टेटमेंटवर "डीसीसी" (डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, म्हणजे परदेशी व्यवहार रुपयांत करणं) असं लिहिलेली ओळ त्याचीच.

पायरी ९: बारीक ओळी

पेट्रोल पंपावर १ टक्का सरचार्ज लागतो. ठरावीक रकमेच्या दरम्यान, बहुधा ४०० ते ५,०००, तो परत येतो, पण त्यावरचा जीएसटी परत येत नाही. लिमिटपेक्षा जास्त खर्चाची फी तुम्ही स्पष्ट संमती दिली असेल तरच लावता येते, ॲपमध्ये ती सोय बंद करून ठेवा. "कार्ड प्रोटेक्शन", "इन्शुरन्स प्रीमियम" अशा नावाच्या ओळी आठवत नसतील तर त्याच दिवशी बंद करायला सांगा.

वस्तू परत केली असेल तर रिफंड आला का, हेही बघा. ड्यू डेटच्या आधी आलेला रिफंड बँकेने देय रकमेतून लगेच वजा करायचा असतो.

पायरी १०: चुकीचा चार्ज परत मागणं

फोनपेक्षा ईमेल बरा, कारण तारीख राहते. भाषा साधी ठेवा:

"माझ्या कार्डाच्या (शेवटचे चार अंक) ४ जूनच्या स्टेटमेंटमध्ये अमुक रकमेची लेट फी लागली आहे. मी २६ मे रोजी, म्हणजे ड्यू डेटपासून तीन दिवसांच्या आत, पैसे भरले आहेत. पावती सोबत जोडली आहे. फी आणि त्यावरचा जीएसटी परत जमा करावा."

जीएसटीचा उल्लेख विसरू नका, नाहीतर फी परत येते आणि कर तसाच राहतो. पूर्ण कार्ड नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी यातलं काहीही ईमेलमध्ये लिहायचं नाही. उत्तर पटलं नाही तर बँकेच्या वेबसाइटवर तक्रारीची पुढची पायरी दिलेली असते, नोडल अधिकाऱ्यापर्यंत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज होतो, १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते, आणि फी नाही. वकील लागत नाही.

आणि कार्ड बंदच करायचं ठरलं, तर आधी रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका, कार्डावरून आपोआप जाणारी सगळी बिलं दुसरीकडे वळवा, शेवटचा रुपया भरा आणि मग लेखी अर्ज द्या. काही बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करायला हवं. त्यापुढं उशीर झाला तर खातं बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये तुम्हाला देणं लागतं. वहिनींचं कार्ड असंच बंद केलं. बंद झाल्याचं पत्र त्यांनी मशीनच्या बिलाला टाचून ठेवलंय, आणि दोन महिन्यांनी वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट आम्ही दोघांनी दुकानातच मोबाइलवर काढून त्या कार्डापुढं "क्लोज्ड" लिहिलंय ना, ते बघितलं.